मॅन्डोलिनची मान पावसाळ्यात हाताला चिकटते. पॉलिश काढावे का?

प्रश्न (विलेपार्ले):
माझे मॅन्डोलिन दहा वर्षांपूर्वी घेतलेले असून त्याची मान मॅपलची आहे. जून उजाडला की मानेच्या पाठीचे चकचकीत पॉलिश अंगठ्याला असे धरते की पहिल्या फ्रेटवरून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरून) सातव्याकडे हात नेताना मधेच अडखळायला होते. जानेवारीत हा त्रास जाणवतही नाही. एका कारागिराने पॉलिश खरवडून लाकूड उघडे करण्याचा सल्ला दिला आहे. मुंबईच्या दमट हवेत हे योग्य ठरेल का?

उत्तर (गिरगाव):
सल्ला चुकीचा नाही, घाईचा आहे. व्हायोलिनच्या मानेला वार्निशचा जाड थर न देता तेलाचा हलका हात देण्याची जुनी रीत आहे, ती हात सहज सरकावा म्हणूनच. गुळगुळीत काचेसारख्या पृष्ठभागाला ओलसर अंगठा सगळाच्या सगळा टेकतो आणि चिकटतो. बारीक ओरखड्यांनी मंद केलेल्या पृष्ठभागाला तो कमी टेकतो. तेव्हा आधी ओलसर कापडाने मान पुसून घ्या (माझ्या कापडावर आलेला मळ पाहून मी ओशाळलो होतो), ती पूर्ण वाळली की चार शून्यांचे स्टील वूल (पोलादी तारांची अतिशय बारीक लोकर) लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. पिकअप (तारांचा आवाज टिपणारा चुंबकी भाग) असल्यास तो झाकून घ्या, कारण लोखंडाचा भुगा चुंबकाला जाऊन बसतो. चकाकी गेली की थांबा.

उत्तर (दादर):
मी सतार वाजवतो. माझ्या सतारीच्या दांडीला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पॉलिश आहे. ते दिसायला देखणे आणि पुन्हा चढवायला सोपे असले तरी ओलाव्याने पांढरट पडते, आणि अंगठा जिथे फिरतो तिथलेच सर्वात आधी गेले. त्यामुळे उघड्या मानेवर कोणी लाख सुचवली, तर नाही म्हणा.

उत्तर (ठाणे):
एक गोष्ट राहिली. मान कोरड्या हातालाही चिकट लागते का, हे पाहा. नायट्रोसेल्युलोज लॅकर हे वाद्यांवरचे एक पॉलिश घामाने, आणि स्टँडच्या रबरी गादीच्या सततच्या स्पर्शानेही, मऊ पडते. नख हलके दाबल्यावर खूण उमटली, तर घासून उपयोग नाही, तेवढा भाग काढावाच लागेल. काढलाच तर मॅपल घट्ट विणीचे लाकूड असल्यामुळे टंग तेलाचे (टंग झाडाच्या बियांच्या, वाळणाऱ्या तेलाचे) दोन-तीन पातळ हात पुरतात. मात्र पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला जास्त दिवस द्या. कच्चे जवसाचे तेल या हवेत आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, पसरून वाळवा. वाद्य जुने आणि मौल्यवान असते, लॉइड लोअरची सही असलेल्या १९२२ ते १९२४ च्या गिब्सन कंपनीच्या एफ-५ मॅन्डोलिनसारखे, तर मूळ पॉलिशला हातही लावू नका म्हटले असते, कारण ते गेले की किंमत उतरते.

प्रश्नकर्ता (विलेपार्ले):
नखाची खूण कुठेच उमटली नाही. म्हणजे पॉलिश शाबूत आहे. काल रात्री मानेच्या टाचेजवळ (जिथे ती वाद्याच्या धडाला जुळते) आणि डोक्याजवळ चिकटपट्टी लावून मधला भाग स्टील वूलने मंद केला. दहा मिनिटांत काम झाले. आज सकाळी खिडकीबाहेर धो धो कोसळत असताना पहिल्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत हात कुठेही अडला नाही. कारागिराला फोन करून खरवडणे रद्द केले आहे.