साठवणीतील भुईमुगाची बुरशी: वनस्पती-अर्क कितपत उपयोगी?

प्रश्न: साठवलेल्या शेंगदाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसू लागली आहे. रासायनिक बुरशीनाशकाऐवजी कडुलिंबाचा अर्क किंवा लवंगतेल वापरल्यास बुरशी आणि तिचे विष, दोन्ही आटोक्यात येतील का?

उत्तर १: आपण वर्णन केलेली बुरशी बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस असावी, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. लवंगतेलातील युजेनॉल आणि ओव्याच्या तेलातील थायमॉल बुरशीची पेशीभित्तिका व पटल दुबळे करून तिची वाढ रोखतात. कडुलिंबाच्या पानांच्या अर्काचे मात्र वेगळेच आहे: प्रयोगशाळेत त्याने बुरशीची वाढ फारशी न थांबवताही विषनिर्मिती बरीच घटवलेली आढळली आहे. त्यामुळे केवळ डोळ्यांनी पाहून अर्काचा गुण ठरवणे फसवे ठरते.

उत्तर २: एक दुरुस्ती सुचवतो. हे उपाय प्रतिबंधक आहेत. एकदा तयार झालेले अफ्लाटॉक्सिन अर्काने नाहीसे होईल असे धरून चालू नये, आणि ते भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. म्हणून बुरशी लागलेले, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे वेगळे काढून नष्ट करावेत, जनावरांनाही घालू नयेत.

उत्तर ३: पाण्यात काढलेला अर्क साठवणीतील दाण्यांवर फवारू नये, कारण त्याने ओलावाच वाढतो. दाण्यांतील ओलावा सुमारे ७ टक्क्यांवर आणून हवाबंद साठवण केली, तरच लवंगतेलासारख्या तेलाच्या वाफेचा उपयोग होईल. वासाचा परिणाम चवीवर होतो, हेही ध्यानात घ्यावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फवारणीचा विचार सोडून आधी निवडणी आणि वाळवण करतो.