‘जगायचं नाही’ म्हणालं की त्याच रात्री ॲडमिट करायचं का?

कृष्णाकाठ (सांगली)
कुणी ‘जगायचं नाही’ म्हणालं की ‘एक रात्र थांबून बघू’ असा सल्ला देतात, तो मला पटत नाही. कसं, कधी, वस्तू हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही. बेत ठरलेला असेल आणि साधन घरातच असेल तर त्याच रात्री दाखल. तासगावकडं बागेच्या फवारणीची औषधं पडवीत पडलेली असतात. तिथं ‘सकाळी बघू’ म्हणजे जुगार. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो.

माणदेशी
गल्लत तिथंच होते. ते कलम 94 उपचारापुरतं आहे, डांबून ठेवायला नाही. त्यात विजेचा शॉक (ईसीटी) देता येत नाही, आणि पेशंटचा नेमलेला प्रतिनिधी (बहुतेक वेळा घरचंच माणूस) हजर असेल तर त्याची संमती लागते. प्रौढ माणूस स्वतः तयार असेल तर कलम 86. नको म्हणत असेल तर 89: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी वेगवेगळं, त्याच दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत तपासलेलं हवं. मुदत 30 दिवस. ‘झोपत नाही, बायकोशी भांडतो’ एवढ्यावर ते लागू होत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजेचा धोका, नाहीतर स्वतःकडं बघणंच सुटलेलं असावं लागतं. आणि जतेत रात्री 11 ला दोघं आणणार कुठून?

वाईकर
दोघंही आधीची पायरी विसरताय. काही पोटात गेलं असेल तर आधी कॅज्युअल्टी, मानसोपचार नंतर. उलटी करवू नका, बाटली सोबत न्या. काही तणनाशकांत पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून घरी परत आणू नका. दारू तोडल्यावर दोन-चार दिवसांनी थरथर आणि भास सुरू झाले तर तो मेडिकल वॉर्डचा पेशंट. पोलीस केसच्या भीतीनं लपवालपवी नको. त्याच कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली होता असंच धरतं.

कृष्णाकाठ (सांगली)
जतेहून दोन तास लागतात म्हणूनच 108 लवकर बोलवा म्हणतोय! तोवर 14416 वर (सरकारी टेली-मानस हेल्पलाईन) बोलता येतं.

माणदेशी
108 ला ना नाही. पण पोरगं 18 च्या आतलं असेल तर कलम 87: मोठ्यांपासून वेगळी जागा, पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्णवेळ सोबत, मुलीबरोबर वडील असतील तर बाईमाणूस हवं. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (दाखल केल्यावर देखरेख ठेवणारं मंडळ) 72 तासांत कळवायचं. मोठ्यांच्याच वॉर्डात कोपऱ्यातली खाट ही वेगळी जागा नव्हे. अशी सोय नसेल, बेत ठरलेला नसेल आणि घरी दोन माणसं पाळीपाळीनं जागणार असतील, तर फवारणीची औषधं शेजारच्या वस्तीवर हलवून सकाळी ओपीडी गाठणं मला बरं वाटतं.

वाईकर
जागणारी माणसं पहाटे चारला झोपतात, ही अडचण आहेच. आणि दाखल केलंच, तर डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे फार जोखमीचे. पुन्हा दाखवायची 7 दिवसांच्या आतली तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. फवारणीची औषधं तोवर शेजारच्या वस्तीवरच.