रहस्य गुरांच्या चोरीचं आणि गुरांचाच पत्ता नाही

कुंपण:
परवा इथं कुणीतरी लिहिलं की अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातल्या रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावरच्या, त्या प्रेम-रहस्य कादंबरीत ‘गुरं मोजत बसू नका, प्रेमकथा म्हणून वाचा’. तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, रहस्यच गुरांच्या चोरीचं आहे! खलनायक एका रात्रीत तीनशे गायी पळवतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) बाजारात विकून मोकळा होतो. मॉन्टानात जनावर विकायचं किंवा काउंटीबाहेर न्यायचं तर आधी ब्रँड इन्स्पेक्टर कातडीवर डागून उमटवलेली मालकीची खूण तपासतो. ती खूण राज्याच्या पशुधन खात्यात मालकाच्या नावावर नोंदलेली असते. शिवाय तीनशे मोठ्या गायींना सात-आठ लांबलचक ट्रेलर लागतात. एवढे ट्रेलर आले-गेले आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही?

निवांत:
ते मीच लिहिलं होतं. दिवसभर ऑफिसात कागदच बघते, रात्री पुस्तकातही परवाने तपासायचे का? आजोबांची जमीन वाचवायला नायिका परत येते, जुना मित्र भेटतो, मला तेवढं पुरलं. खलनायक कोण ते फार लवकर कळतं, हे मान्य.

गोठेकरीण:
कायदा राहू द्या. मार्च महिना, बाहेर बर्फ, गायी वितायत आणि नायक नायिकेला घेऊन दोन दिवस डोंगरातल्या केबिनमध्ये! गोठ्यात कोण आहे? आमच्याकडे पाटणला म्हैस अडली होती. रेडकाचे पुढचे पाय दिसत होते, पण मान मागं वळलेली. डॉक्टर येईपर्यंत वडील कंदिलाच्या उजेडात तिच्यापाशी बसून होते, घरात कुणी जेवलं नाही. असा माणूस प्रेम करत नाही असं नाही, पण गोठा सोडून जात नाही.

बोझमनकर:
मी इथं मॉन्टानातच राहतो म्हणून सांगतो, सगळे मार्चमध्ये विणी घेत नाहीत. बर्फात वासरं दगावतात म्हणून बरेच रँचर आता मे-जूनपर्यंत थांबतात. पाटणची म्हैस इथं लावू नका.

गोठेकरीण:
म्हैस लावत नाही, पुस्तकच लावते! नायक स्वतः म्हणतो, ‘विणीचा हंगाम आहे, झोप नाही.’ पुढच्याच प्रकरणात मेणबत्त्या. थंडीत जन्मलेल्या वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ते हाती लागत नाही. तुम्ही तिथं राहता, पण गोठ्यात कधी पाय ठेवलाय का?

बोझमनकर:
शेजारच्या रँचवर रात्रपाळी केली आहे. गारठलेलं वासरू गाडीत हीटरसमोर ठेवून घरी आणलंय. महिन्यावरून माझं म्हणणं कायम. पण ते वाक्य त्याच्या तोंडी असेल तर केबिनचं प्रकरण फाडून टाकायला हवं, एवढं कबूल.

उंबरा:
तुम्ही सगळे वासरांत अडकलात! नायक नायिकेच्या गाडीच्या किल्ल्या ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’ म्हणून खिशात घालतो, ते कुणाला खुपलं नाही? माझ्या मावशीच्या किल्ल्या अशाच प्रेमानं काढून घेतल्या होत्या. पुढं बँकेचं पासबुकही गेलं. ह्याला रोमान्स म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

निवांत:
उंबरा, किल्ल्यांचं खरं आहे. मी ते पान भरभर का उलटलं, ते आता कळतंय. पण कुंपण, इन्स्पेक्टर घातला असता तर कादंबरी कंटाळवाणीच झाली असती.

कुंपण:
उलट! तपासणीच्या कागदावर खोटी सही कुणी केली, इन्स्पेक्टर फितूर आहे का, त्याच्या घरी नायिकेनं लहानपणी जेवण केलंय का? खरा संशय तिथंच होता. लेखिकेनं तो बघितलाच नाही.

निवांत:
हं. तशी असती तर मी दोन रात्री जागले असते. पण प्रेमकथा मला आवडली ती आवडलीच.