गोवा 1961: भाचीच्या वादविवादासाठी मदत हवी

रेडीकर मामा
भाची वेंगुर्ल्याला कॉलेजात आहे. वादविवादाचा विषय: ‘शेजारच्या मुलखात सैन्य घुसवणं कधीच समर्थनीय नाही’. तिला विरोधात बोलायचंय, म्हणून गोवा घेतला. परवा सराव करताना धाकट्या भावाने एका वाक्यात गप्प केलं, “मग उद्या कुणीही म्हणेल, आम्हीपण मुक्तच करतोय!” तेरेखोलचा किल्ला आमच्या घरापासून हाकेवर, पण याला उत्तर मलाही सुचेना. साडेचारशे वर्षांचा जुलूम वगैरे नको, ते तिच्या वहीत आहे.

जुना वकील, सावंतवाडी
धाकट्याला वकिली शिकवा. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषदेत अमेरिकेच्या स्टीव्हन्सननी साधारण हेच विचारलं होतं. भारताने सैन्य मागे घ्यावं या ठरावाच्या बाजूने 7 मतं पडली, विरोधात 4: रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून ठराव पडला. हे लपवू नका, समोरचा काढणारच.

भारताचं म्हणणं होतं की गोवा हा शेजाऱ्याचा मुलूख नव्हेच, ती वसाहत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ करून टाकलं, म्हणजे बोलणी करायला विषयच शिल्लक नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर 1960 मध्ये ही पळवाट मान्य केली नाही. इथवर ठीक.

पण एवढ्यावर थांबलात तर धाकटा जिंकेल. कारण डिसेंबर 1975 मध्ये इंडोनेशिया पूर्व तिमोरमध्ये घुसला. तीही पोर्तुगीजांचीच वसाहत. सुरक्षा परिषदेने एकमताने सांगितलं, बाहेर निघा. निघाले नाहीत. शेवटी 1999 मध्ये सार्वमत झालं तेव्हा 78 टक्क्यांहून जास्त लोकांनी इंडोनेशियाला नको म्हटलं.

फरक इथे आहे. गोव्यात डिसेंबर 1963 मध्ये निवडणूक झाली. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) आणि युनायटेड गोअन्स हे पक्ष एकमेकांच्या उरावर बसले ते महाराष्ट्रात जायचं की नाही यावरून. पोर्तुगाल परत आणा म्हणून कुणी मतं मागायला उभं राहिलं नाही. डिसेंबर 1974 च्या करारात खुद्द पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. भाचीने सैन्य शिरलं त्या दिवसावर कमी आणि नंतरच्या दोन वर्षांवर जास्त बोलावं.

आरोंद्याचो झील
वकीलसाहेब, तुमचा सगळा बरोबर. पण माजी आजी आरोंद्याची, तिचा माहेर नदीपलीकडे किरणपाण्याक. भारतान गोव्याची नाकाबंदी केलली तेव्हा माहेराक जावचा म्हणजे भानगड, भावाच्या लग्नाक ती गेलीच नाय. हां सांगा थंय, परीक्षक उठून बसतले.

मालवण कट्टा
वकीलसाहेब, जरा सोयीचं होतंय. निवडणूक झाली ती भारताचं राज्य आल्यावर, भारताच्या कायद्याखाली. 1967 च्या जनमत कौलातही दोनच पर्याय होते, महाराष्ट्रात विलीन व्हा नाहीतर केंद्रशासित राहा. भारतात राहायचं का, हे गोवेकरांना विचारलं कुणी? मी मुक्तीच म्हणतो, पण ही फट आहे.

जुना वकील, सावंतवाडी
फट आहेच, नाही कशाला म्हणू? मोंतेरो नावाच्या एका पाद्रींनी भारतीय नागरिकत्व घेतलं नाही. गोवा हा लष्करी कब्ज्यातला प्रदेश आहे, मला जिनिव्हा कराराचं संरक्षण द्या, म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने 1969 मध्ये सांगितलं की गोवा भारतात सामील झाला तिथे कब्जा संपला. म्हणजे बघा, थोडा काळ का होईना, कब्जा होता हे आपल्याच न्यायालयाने धरून चाललं. समोरच्याने हा निकाल काढला तर भाचीने सरळ ‘हो’ म्हणावं आणि तिमोरकडे वळावं.

रेडीकर मामा
तिमोर दोघांनाही नकाशात शोधायला लावला. धाकटा आता म्हणतो, “ताईने बाजू बदलली तरी चालेल, मी तयार आहे.” आरोंदेकरानू, आज्येक माजो नमस्कार सांगा. लग्नाची गोष्ट भाची घेतेय.