शब्दचर्चा: ‘कलेक्शन मॅनेजर’ला मराठीत काय म्हणावं?

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात, ओसरीवर बसून मी ‘कलेक्शनचं काम करते’ असं म्हटलं आणि समोरच्या आजींचा चेहराच उतरला. “हप्ता त भरला ना वं बाई, बुधवारीच!”

आमच्या खेड्यांत कलेक्शन म्हणजे कर्जाची वसुली आणि कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. मी गेले होते तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, त्यांच्या घरातला जुना लाकडी नंदी पाहायला. एका खासगी संग्रहाची नोंद ठेवणं आणि त्यातून प्रदर्शनं उभी करणं हे माझं काम. स्वतंत्रपणे करते, म्हणजे पाठीशी संस्थेचं नाव नाही. दारात उभं राहून मी जो शब्द उच्चारीन तेवढीच माझी ओळख. त्या शब्दानं एका म्हातारीला धास्ती वाटली, हे मला फार लागलं. म्हणून हा धागा.

‘क्युरेटर’ म्हणून भागत नाही. तरुण पोरं लगेच विचारतात, “जामठ्याच्या पिचवर का?” क्रिकेटमुळे हा शब्द त्यांच्या कानावर आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. लॅटिनमधल्या ‘कुराऽरे’चा अर्थ काळजी घेणे, खेळपट्टीची काय नि चित्राची काय.

सरकारी मराठीत ‘अभिरक्षक’ आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ सालच्या आपल्या अजब बंगल्यात, तो शोभतो. पण कायद्याच्या भाषेत ‘अभिरक्षा’ म्हणजे ताबा. मी कुणाच्या वस्तूचा ताबा घ्यायला जात नाही. शिवाय त्यात राखण आहे, निवड नाही. चाळीस नंदींतून बारा निवडायचे, कोणता कोणाशेजारी ठेवायचा, उजेड कुठून पाडायचा, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

‘संग्रहपाल’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, निदान कामाच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी. दाखल क्रमांक घालणं, मोजमाप, फोटो, वस्तू कुणाच्या घरची, कुणाच्या हातची, उधई लागली आहे का, पावसाळ्यात कुठे ठेवायची, हे सगळं ‘पाल’मध्ये बसतं. निवड आणि मांडणीसाठी मी ‘मांडणीकार’ वापरून पाहते आहे. गणपतीची, रुखवताची मांडणी घरोघरी करतात, त्यामुळे अर्थ सांगावा लागत नाही.

आता त्या नंदीविषयी. सागवानी, हातभर लांब, चाकांचा. डाव्या शिंगाचं लाकूड वेगळं, म्हणजे शिंग कधीतरी नवं बसवलेलं. पोटाखाली रंगाचा पोपडा उडालेला, तिथे पांढऱ्याखाली निळा आणि निळ्याखाली गेरू दिसत होता. दोरीच्या कडीपाशी लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालेलं. कितीतरी लेकरांनी तो ओढला असणार. घरच्यांना दरवर्षीप्रमाणे ऑइलपेंट मारून मगच तो द्यायचा होता. मी हात जोडून नको म्हटलं, ते थर हाच त्याचा इतिहास आहे.

निघताना आजी म्हणाल्या, “जपजो वं बाई माह्या नंदीले.”

या ‘जपजो’वर मी दोन दिवस विचार करते आहे. करजो, येजो, सांगजो हे आपल्याकडचं रूप साधी आज्ञा नव्हे. ‘जप’ म्हणजे आत्ता. ‘जपजो’ म्हणजे पुढेही, मी समोर नसतानाही. आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्याच कोशात सापडलं नाही. ‘जतन’ही जवळचाच, तो संस्कृत ‘यत्न’पासून आलेला, त्यामुळे त्यात कष्ट आहेत. पण ‘जपणे’त जीव आहे. त्याचं नाम काय करावं? ‘जपणारी’ ओसरीवर चालेल, करारनाम्यावर नाही.

प्रतिसाद:
ताई, ‘संकलक’ का नको? आणि वस्तू प्रदर्शनापुरती आणता तेव्हा पावतीवर काय लिहिता? ‘उसनी’?

उत्तर:
दादा, ‘संकलक’ सिनेमावाल्यांनी कधीच नेला. श्रेयनामावलीत संकलन म्हणजे कापणं-जोडणं, तो अर्थ आता पुसता येणार नाही.

‘उसना’ मी आधी लिहीत होते, पण सोडला. उसनी साखर वाटीभर आणली तर वाटीभर परत करतात. साखर दुसरीच असते, आणि तेच रीतसर. नंदी मात्र तोच परत जायला हवा, त्याच पोपड्यासकट. ‘ठेव’ म्हटलं की व्याज आठवतं, ‘अनामत’ म्हटलं की पैसे. ‘दान’ तर आजींनी स्वतःच खोडायला लावलं, “मी दिला नाई, ठेवाले देल्ला.” शेवटी त्यांच्याच शब्दांवरून पावतीवर लिहिलं: ‘जपायला घेतला. हाच नंदी, आहे त्या स्थितीत, तान्ह्या पोळ्याआधी घरी आणून देईन.’ खाली माझी सही, त्यांचा अंगठा आणि पोपड्याचा फोटो.

गोंदिया, गडचिरोलीकडे अशा मागून आणलेल्या नि तीच परत करायच्या वस्तूला वेगळा शब्द असेल, तर कृपया कळवा. पुढची पावती लाखांदुरात करायची आहे.