पेपरमिंट तेल कपाळाला लावल्यावर आग होते, प्रमाण काय घ्यावं?

कोथरूडकर: डोकं दुखतं तेव्हा लावायचंय. रविवार पेठेतलं सुटं तेल चालेल का?

वनौषधी: थेट लावू नकाच. 10 मिली खोबरेल तेलात 4 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. कानशिलांवर हलकेच, डोळ्यांपासून लांब. झोंबलंच तर आधी खोबरेल चोळून पुसा. नुसत्या पाण्याने ते निघत नाही, पसरतं. बाटलीवर 'मेन्था पायपेरिटा', म्हणजे पेपरमिंटचं शास्त्रीय नाव, लिहिलेलं हवं. 'आर्वेन्सिस' म्हणजे जपानी पुदिना, त्यात मेंथॉल बरंच जास्त.

औंधकर: घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या नाकाजवळ किंवा छातीवर अजिबात नको, श्वास अडकू शकतो!

वैद्य_पुणे: पोटातही थेंब घेऊ नका. मुरड्यासाठी आतड्यात विरघळणारी कॅप्सूल असते, डॉक्टरांना विचारून घ्या. तेल जठरातच सुटलं की छातीत जळजळतं.