मदत हवी आहे: उत्पत्तीची कथा बाबिलोनमधून आली की कनानमधून?

नमस्कार मंडळी. बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय आणि बाबिलोनचं सृष्टिनिर्मितीचं काव्य 'एनुमा एलिश' सध्या शेजारी ठेवून वाचतोय, आणि एका प्रश्नावर अडलोय.

'एनुमा एलिश'मध्ये मार्दुक हा देव समुद्ररूपी तियामतला मारतो, वाळवायच्या मासळीसारखी उभी चिरतो, अर्ध्या भागाचं आकाश करतो आणि वरचं पाणी खाली सुटू नये म्हणून पहारेकरी बसवतो. उत्पत्तीतही दुसऱ्या दिवशी वरचं आणि खालचं पाणी वेगळं होतं, पण लढाई नाही, रक्त नाही. देव बोलतो आणि होतं. मला हा फरक साम्यापेक्षाही विलक्षण वाटतो.

इ.स.पू. 586 मध्ये जेरुसलेम पडल्यावर बाबिलोनच्या बंदिवासात ज्यूंनी या कथा ऐकल्या, असं सर्रास सांगतात. मला ते अपुरं वाटतं. बाबिलोनच्याच गिल्गमेश महाकाव्याचा एक तुकडा कनानमधल्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या प्रदेशातल्या) मगिद्दोला सापडलाय, तो बंदिवासाच्या कित्येक शतकं आधीचा. शिवाय बायबलच्या 74 व्या स्तोत्रात देव लिव्याथान या समुद्री राक्षसाची डोकी ठेचतो, आणि सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित या प्राचीन नगरातल्या पाट्यांमध्ये बआल हा वादळाचा देव समुद्राशी, म्हणजे याम या देवाशी, लढतो. म्हणजे ही लढाई कनानच्या मातीत आधीपासूनच होती ना?

बंदिवासाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता? दोन्ही बाजू नीट मांडणारं पुस्तक कुणी सुचवेल का? मराठीत असेल तर फारच उत्तम, इंग्रजीही चालेल. हिब्रू किंवा अक्कादी (बाबिलोनची प्राचीन भाषा) शिकलेलं कुणी इथे असेल तर कृपया जरूर लिहा.